जांघेतलं दुखणं, कबड्डी आणि एमआरआयचा रिपोर्ट

कळवा_चढाई

नमस्कार मंडळी. इथे खेळाडूंचे पालक आहेत, डॉक्टर आहेत, पळणारे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

आमच्या कळव्याच्या मंडळात एक चढाईपटू आहे, वय २१. गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या उजव्या जांघेत दुखतंय. सुरुवातीला सराव संपल्यावर अर्धा तास ठणकायचं, मग थांबायचं. पुढे पुढे बोनस घ्यायला पाय लांब टाकला की कळ यायला लागली. आता तर सकाळी अंथरुणात कूस बदलतानाही तो कण्हतो. स्प्रे झाला, बर्फ झाला, वेदनाशामक गोळ्या झाल्या. थोडे दिवस विश्रांती घेतली की बरं वाटतं, मॅटवर उतरला की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, त्यात काही नाही.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून मंडळाने पैसे जमवून थेट एमआरआय काढला. आधी कुठल्याही खेळाच्या डॉक्टरने नीट तपासलेलं नव्हतं. रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते असं: प्युबिक सिम्फिसिसच्या दोन्ही बाजूंना बोन मॅरो इडिमा, उजवीकडे जास्त. उजव्या अ‍ॅडक्टर लाँगसच्या मुळाशी टेंडिनोसिस. उजव्या बाजूला सेकंडरी क्लेफ्ट साइन. आणि शेवटी डाव्या खुब्याच्या लॅब्रममध्ये बारीक चीर असल्याची शक्यता. डावीकडे त्याला कधीच दुखलेलं नाही!

पोराने हे सगळं मोबाइलवर शोधून वाचलं आणि घाबरून गेला. एक ओळखीचे म्हणतात ऑपरेशन लागेल, दुसरे म्हणतात तीन महिने अंथरुणावर पडून राहा. आई म्हणते कबड्डी सोड. वडील महापे एमआयडीसीत कामाला, त्यांना तर काय ठरवावं तेच कळत नाहीये. जिल्हा निवड चाचणी तोंडावर आली आहे.

या रिपोर्टचा अर्थ कुणी समजावून सांगेल का? अजून काही तपासण्या लागतील का? आणि मुख्य म्हणजे पोराचा खेळ वाचेल ना?

तलावपाळी

दुखतं नक्की कुठे? त्याला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. जांघ म्हणजे मोठा मुलूख आहे.

कळवा_चढाई

आत्ताच विचारलं. मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, जिथे स्नायू हाडाला लागतो तिथे बोट ठेवतो. खोकताना दुखत नाही. दोन गुडघ्यांमध्ये मूठ धरून दाबायला लावलं तर "आई गं" म्हणाला.

करडी_छटा

मी रेडिओलॉजिस्ट आहे, ठाण्यातच काम करते. फिल्म न बघता आणि मुलाला न तपासता निदान सांगणार नाही, पण रिपोर्टमधल्या शब्दांची भीती घालवता येईल तेवढी घालवते.

ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला, मधोमध, डावं आणि उजवं प्युबिक हाड एकमेकांना भेटतं. मध्ये कूर्चेची चकती असते. हा सांधा म्हणजे प्युबिक सिम्फिसिस. वरून पोटाचा सरळ स्नायू, रेक्टस अ‍ॅब्डोमिनिस, इथे येऊन लागतो. खालून मांडी आत ओढणारा अ‍ॅडक्टर लाँगस लागतो. दोघांचे तंतू सांध्याच्या पुढच्या आवरणात एकमेकांत मिसळलेले असतात. रस्सीखेचीत दोरीच्या मधल्या गाठीला जे सोसावं लागतं ते या जागेला सोसावं लागतं. चढाईपटू एका पायावर तोल धरून दुसरा पाय लांब फेकतो, लगेच अंग वळवून मध्यरेषेकडे झेपावतो. वर आणि खाली, दोन्हीकडून ताण एकाच क्षणी येतो.

आता इडिमा. एमआरआयमध्ये स्टिर नावाची एक पद्धत असते, तिच्यात चरबी काळी दिसते आणि पाणी पांढरं. हाडाच्या आतल्या मगजात चरबी भरपूर, म्हणून निरोगी हाड काळसर दिसतं. हाडावर वारंवार भार आला की आत सूज येते, पाण्याचा अंश वाढतो आणि ती जागा उजळते. म्हणजे हाडाने भार घेतल्याची ती खूण आहे. भार झेपण्यापलीकडे गेलाय का, हे नुसत्या खुणेवरून ठरत नाही.

टेंडिनोसिस म्हणजे कंडरेची, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची, झीज. सेकंडरी क्लेफ्ट म्हणजे सांध्याच्या मधल्या फटीतून एक पांढरी रेघ खाली आणि बाजूला, हाडाच्या कडेकडेने गेलेली दिसते. स्नायू जिथे हाडाला चिकटतो तिथलं आवरण थोडं सुटलंय, असा त्याचा अर्थ लावतात. तुमच्या खेळाडूत ही रेघ उजवीकडे आहे आणि दुखणंही उजवीकडे, त्यामुळे या निष्कर्षाला मी महत्त्व देईन.

लॅब्रम म्हणजे खुब्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चेची कडी. डाव्या खुब्याच्या त्या चिरेचं मात्र आज डोक्यातून काढून टाका. खेळणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये असं काही ना काही सापडतंच. आइस हॉकीच्या व्यावसायिक आणि महाविद्यालयीन खेळाडूंचा एक अमेरिकी अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या कुणालाही दुखत नव्हतं, तरी ७७ टक्के खेळाडूंच्या खुब्यात किंवा जांघेत एमआरआयवर बिघाड दिसला. फुटबॉलपटूंच्या अभ्यासांतही दुखणं नसलेल्यांच्या प्युबिक हाडात इडिमा वारंवार आढळलाय. जास्त पसरलेला इडिमा आणि कंडरेतला जास्त बदल दुखणाऱ्यांमध्ये अधिक दिसतो हे खरं, पण सीमारेषा पुसट आहे.

म्हणून हाताने केलेली तपासणी आधी. २०१४ साली दोह्यात १४ देशांतले २४ तज्ज्ञ जमले होते. जांघेच्या दुखण्याला जो तो वेगळं नाव द्यायचा, त्यात त्यांनी एकवाक्यता आणली. दाबल्यावर कुठे दुखतं आणि कोणत्या स्नायूने जोर लावल्यावर दुखतं, यावरून त्यांनी चार गट केले: अ‍ॅडक्टरशी संबंधित, इलिओसोआस म्हणजे मांडी वर उचलणाऱ्या स्नायूशी संबंधित, इंग्वायनल म्हणजे हर्निया होतो त्या मार्गाशी संबंधित आणि प्युबिक सांध्याशी संबंधित. खुब्याच्या सांध्यातलं दुखणं वेगळं धरलं आणि बाकीची कारणं आणखी वेगळी. 'स्पोर्ट्स हर्निया', 'ऑस्टायटिस प्युबिस' हे शब्द वापरू नयेत असंही सुचवलं. या चार गटांत बसवण्यासाठी एमआरआय लागत नाही, हे लक्षात घ्या. बोट आणि हात लागतो.

तुम्ही वर जे लिहिलंय, मुळाशी बोट ठेवतो आणि मूठ दाबताना दुखतं, ते पहिल्या गटाकडे बोट दाखवतं. पण हे खात्रीने सांगायला त्याला समोर झोपवून तपासणारा डॉक्टर हवा. खेळाडू बघणारा ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनवाला शोधा आणि फिल्म सोबत न्या.

तलावपाळी

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एका बाबतीत असहमत. हात आधी म्हणता, पण तो हात कुणाचा? जांघेत दुखतंय म्हटलं की दोन मिनिटांत "मसल पुल, क्रीम लावा" सांगून पाठवणारेच जास्त भेटतात. खेळाडूला नीट तपासणारा डॉक्टर आपल्याकडे किती जणांच्या वाट्याला येतो? यंत्र निदान थकत तरी नाही. माझ्या मते महिनाभर दुखत असेल तर सरळ एमआरआय काढावा, मग पुढचं बघावं. पोरांचं वय आणि हंगाम दोन्ही निघून जातं.

पारसिक_उतार

तलावपाळी यांच्या बाजूने माझा अनुभव लिहितो, कारण माझ्या बाबतीत एमआरआयनेच खुबा वाचवला.

मी बेलापूरला राहतो. पाम बीच रोडवर आणि पारसिक हिलवर पळतो. मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत अंतर झपाट्याने वाढवलं होतं. डाव्या जांघेत खोल कुठेतरी दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, हाताच्या अंगठा-तर्जनीने खुब्याला विळखा घालून "इथे आत" म्हणायचो. पळताना वाढायचं, थांबलो की कमी व्हायचं. नंतर रात्रीही ठसठसायला लागलं. एका ठिकाणी स्नायू आखडलाय म्हणून स्ट्रेचिंग दिलं. एक्स-रे साफ होता. दाबून कुठेच दुखत नव्हतं, त्यामुळे सगळे निर्धास्त.

शेवटी एका तरुण डॉक्टरने मला डाव्या पायावर एकदाच उडी मारायला सांगितलं. मी मारूच शकलो नाही. त्याच दिवशी त्याने एमआरआय लिहून दिला आणि म्हणाला, फिल्म येईपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही. मांडीच्या हाडाच्या मानेत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. सुदैवाने खालच्या बाजूला होतं. कुबड्या घेऊन हळूहळू भरून आलं, ऑपरेशन टळलं.

आमच्या ग्रुपमध्ये तेव्हापासून हे सगळ्यांना सांगतो: खोल दुखतंय आणि एका पायावर उडी मारता येत नाही, तर पळणं त्या क्षणी बंद.

करडी_छटा

पारसिक_उतार, हा अनुभव लिहिलात त्याबद्दल मनापासून आभार. या धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे आणि मी तो आधीच लिहायला हवा अशी अपेक्षा कुणी ठेवली तर रास्तच आहे.

मांडीच्या हाडाच्या मानेवर वरच्या बाजूला ताण येतो आणि खालच्या बाजूला दाब. खालची चीर दाबाने मिटायला बघते, बहुतेकदा भार कमी करून भरते. वरची चीर ताणाने उघडत जाते. ती पूर्ण तुटून हाड सरकलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, म्हणून तिथे अनेकदा तातडीने स्क्रू बसवावे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो. एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज लवकर उजळते आणि चीर असेल तर सुजेच्या मधोमध काळी रेघ दिसते. या शंकेसाठी एमआरआयला तोड नाही, आणि तिथे "आधी दोन आठवडे गोळ्या घेऊन बघू" असं म्हणायला जागा नाही.

पळणाऱ्या मुलींसाठी वेगळं सांगते. पाळी अनियमित झाली असेल किंवा बंद पडली असेल, खाणं कमी आणि सराव जास्त असेल, तर हाडं कमजोर होतात. अशा मुलीने जांघ दुखते म्हटलं तर माझ्या मनात पहिली शंका स्ट्रेस फ्रॅक्चरची येते. डॉक्टरांना पाळीबद्दल न विचारताही सांगा.

तलावपाळी, तुमचा मुद्दा मला पटतो तो इथे. तपासणारा हात चांगला नसेल तर यंत्राचा मोह होणारच. पण कबड्डीच्या या मुलाचंच बघा. फिल्म आधी निघाली, हात नंतरही लागला नाही आणि हाती आली ती भीती, शिवाय न दुखणाऱ्या खुब्याची चीर. फिल्ममध्ये चार गोष्टी दिसल्या तर त्यातली दुखणारी कोणती हे फिल्म सांगत नाही.

तलावपाळी

हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की तपासणी झाली नाही म्हणून एमआरआयही अडू नये.

नेरूळकर_आई

वाचतेय आणि काळजी वाढतेय. माझा मुलगा १४ वर्षांचा, फुटबॉल खेळतो. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ चा १७ वर्षांखालचा विश्वचषक बघून आला तेव्हापासून वेड लागलंय. परवा जोरात किक मारताना खुब्याच्या पुढे काहीतरी 'टक' झाल्यासारखं वाटलं म्हणतो. तेव्हापासून लंगडतोय. त्याचाही एमआरआय करायचा का?

करडी_छटा

आधी ऑर्थोपेडिककडे न्या, उद्याच, आणि साधा एक्स-रे काढा. या वयात स्नायू जिथे हाडाला लागतो तिथे वाढीची कूर्चा असते आणि ती स्नायूपेक्षा कच्ची असते. मोठ्या माणसाचा स्नायू फाटेल तिथे मुलांत हाडाचा तुकडाच उपटून येतो. जोरदार किकमध्ये मांडीच्या पुढच्या स्नायूचा वरचा लगाव असा निघतो. एक्स-रेवर तो बहुतेकदा दिसतो आणि बहुतेक मुलं विश्रांतीवर बरी होतात. एक्स-रेवर न दिसता शंका राहिली तर एमआरआय.

दुसरं एक, सगळ्याच पालकांसाठी. साधारण १० ते १६ वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या रेषेवरून घसरू शकतो. वजन जास्त असलेल्या मुलांत अधिक. गंमत नाही ही, कारण मूल कधी कधी फक्त गुडघा दुखतो एवढंच सांगतं आणि सगळे गुडघाच बघत बसतात. लंगडणाऱ्या मुलाचा खुबा तपासलाच पाहिजे. हे निघालं तर त्या मुलाने पाय जमिनीला टेकवायचा नाही, त्याच दिवशी इस्पितळात.

आणि किशोर खेळाडूंच्या एमआरआय रिपोर्टमध्ये प्युबिक हाडाजवळ इडिमा लिहिला असेल तर दचकू नका. तिथली वाढ विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू असते. वाढणारं हाड आणि भार घेतलेलं हाड फिल्मवर सारखंच दिसू शकतं.

वाशी_सेक्टर_१७

एक व्यवहाराचा प्रश्न. माझ्या बहिणीला जांघेसाठी एमआरआय सांगितला, सेंटरवर कमरेच्या मणक्याचा काढला. नंतर डॉक्टर म्हणाले हा उपयोगाचा नाही, पुन्हा काढा. पैसे दोनदा गेले. सेंटरवर नक्की काय मागायचं? आणि मांडीत रॉड असेल तर चालतं का?

करडी_छटा

हे फार वेळा होतं. चिठ्ठीवर नुसतं 'हिप' लिहिलं तर एकाच खुब्याचा काढतात आणि सिम्फिसिस कोपऱ्यात जातो. नुसतं 'पेल्व्हिस' लिहिलं तर पोटाच्या अवयवांसाठीची पद्धत लावली जाते. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्या: खेळ कोणता, दुखतं कुठे आणि कोणत्या बाजूला, शंका कशाची. शंका वाचली की आम्ही यंत्राची मांडणी बदलतो.

जांघेच्या दुखण्यासाठी चांगली तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी मोठ्या चौकटीत दोन्ही खुबे, सगळं कटिहाड आणि मागचे, कण्याचं टोक कटिहाडाला जोडणारे सॅक्रोइलिअॅक सांधे. याच चौकटीत स्ट्रेस फ्रॅक्चर, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं असे आजार सापडतात. कधी कधी तरुण खेळाडूंत मागच्या सांध्यांना सूज दिसते आणि जांघेचं म्हणून आलेलं दुखणं संधिवाताचं निघतं. सकाळी कंबर आखडते का, हे म्हणूनच विचारतात. मग छोट्या चौकटीत फक्त सिम्फिसिस, बारीक काप घेऊन. त्यातला एक संच प्युबिक हाडाच्या तिरक्या रेषेला समांतर हवा, म्हणजे रेक्टस आणि अ‍ॅडक्टरचा जोड सलग दिसतो. हा दुसरा टप्पा वगळला तर क्लेफ्टसारखी बारीक गोष्ट हुकते.

शिरेतून देण्याचं औषध, कॉन्ट्रास्ट, यासाठी सहसा लागत नाही. लॅब्रमची चीर नीट बघायची असेल तर काही डॉक्टर खुब्याच्या सांध्यात सुईने औषध सोडून एमआरआय करतात, पण तो निर्णय त्यांचा. आणि हर्नियाची शंका असेल तर जोर लावायला, खोकायला सांगून केलेली सोनोग्राफी जास्त कामाची. एमआरआयमध्ये माणूस निपचित पडलेला असतो, जोर लावल्यावर बाहेर येणारी गोष्ट तेव्हा आतच असते.

रॉडबद्दल: हाडं जोडायला वापरलेले टायटॅनियमचे रॉड आणि प्लेटा बहुधा अडचण करत नाहीत, पण ऑपरेशनचे कागद न्या आणि आधी सांगा. रॉडच्या आसपासचं चित्र बिघडतं, तेवढा भाग वाचता येत नाही. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर उपकरण किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर न चुकता सांगायचं. वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम करणाऱ्यांनी विशेषतः. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही आधी बोला. यात क्ष-किरण नसतात, आवाज मात्र मोठा असतो, कानात बोळे देतात.

घोडबंदर_फिजिओ

उशिरा आलो, पण "तीन महिने अंथरुणावर" हे वाचून राहवलं नाही. अ‍ॅडक्टरचं जुनाट दुखणं पडून राहून बरं होत नाही. विश्रांतीत दुखणं थांबतं, स्नायू आणखी कमजोर होतो आणि मैदानात पाय टाकला की पहिल्या दिवशी परत येतं. मूळ धाग्यात हेच चक्र लिहिलंय.

यावर एक जुना आणि भक्कम अभ्यास आहे. डेन्मार्कमधला, १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. अ‍ॅडक्टरचं जुनं दुखणं असलेले ६८ खेळाडू घेतले. अर्ध्यांना पोटाचे, मांडीचे आणि तोल सांभाळण्याचे सक्रिय व्यायाम दिले, अर्ध्यांना लेझर, मसाज, स्ट्रेचिंग, विजेची शेकणी. व्यायामवाल्या गटातले २३ जण दुखण्याशिवाय खेळात परतले, दुसऱ्या गटातले फक्त ४. उपचाराचा काळ ८ ते १२ आठवडे होता. आपल्याकडे अजून पहिल्या गटाऐवजी दुसऱ्या गटाचे उपचार जास्त दिले जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. मशीन लावून पडलेला खेळाडू समाधानी असतो, पण स्नायूत ताकद येत नाही.

सुरुवात अशी होते. पाठीवर झोपून दोन पायांमध्ये बॉल धरून दाबायचा, सांधा न हलवता. मग रबर बँड लावून पाय आत ओढणं, मग उभ्याने सरकते लंजेस, मग कोपनहेगन. कोपनहेगन म्हणजे कुशीवर कोपराच्या आधाराने प्लँक, वरचा पाय बाकावर किंवा साथीदाराच्या हातात आणि खालचा पाय त्याला भेटायला वर न्यायचा. पहिल्याच आठवड्यात हे करायला जाऊ नका, दुखरी कंडरा पेटून उठते.

भार किती वाढवायचा याचं मोजमाप खेळाडूच्या हातात देता येतं. पाय सरळ ठेवून घोट्यांच्या मध्ये कुणाचा तरी हात धरायचा, पाच सेकंद पूर्ण जोराने दाबायचं आणि दुखण्याला शून्य ते दहात गुण द्यायचे. दोनपर्यंत असेल तर ठरलेला सराव करा. तीन ते पाच असेल तर सराव बेताचा. सहा किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी खेळ नाही आणि फिजिओला फोन. मी हे रोज सकाळी करून वहीत लिहायला लावतो. आकडा समोर असला की मुलं खोटं बोलत नाहीत, प्रशिक्षकही आग्रह करत नाहीत.

कबड्डीबद्दल माझं निरीक्षण सांगतो. चढाई करणाऱ्याची जांघ पाय लांबवताना दुखते, पण पकडीत सापडल्यावरही दुखते. मांडी पकडली गेल्यावर सुटायला धडपडताना पाय बाहेर फाकतो, तो ताण फार मोठा असतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात फक्त धावणं जमलं म्हणून मैदानात पाठवू नका. पकडीतून सुटण्याचा सराव आधी ओळखीच्या साथीदाराबरोबर, ठरवून, कमी जोराने.

कळवा_चढाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. आज त्याला ठाण्यात खेळाडू बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं.

डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी त्याला तपासलं. खुबे सगळ्या बाजूंनी फिरवले, दोन्ही मोकळे, दुखलं नाही. पोटाला जोर लावून उठायला लावलं, दुखलं नाही. खोकायला लावलं, नाही. एका पायावर उड्या मारल्या, काही नाही. मग अ‍ॅडक्टरच्या मुळाशी दाबलं तर ओरडला, आणि पाय आत ओढताना रोखलं तर तीच कळ, त्याच जागी. त्यानंतर फिल्म लावली आणि त्याला स्वतःला पडद्याजवळ बोलावून दाखवलं की ही रेघ, हीच तुझी जागा. अ‍ॅडक्टरशी संबंधित दुखणं, असं स्पष्ट लिहून दिलं. डाव्या खुब्याबद्दल म्हणाले, दुखत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही. ऑपरेशनचा विषय नाही.

निवड चाचणी मात्र या वेळी सोडावी लागेल. पोराचे डोळे भरून आले. मलाही फार लागलं, दोन वर्षं तो याच चाचणीसाठी घाम गाळत होता. पण आईने डॉक्टरांना विचारलं, "खेळ बंद नाही ना?" आणि ते नाही म्हणाले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. व्यायाम उद्यापासून सुरू.

एक राहिलं. मैदानात परतण्याआधी पुन्हा एमआरआय काढून सूज गेली का ते बघायचं का? मंडळ पैसे जमवेल.

करडी_छटा

गरज नाही. दुखणं थांबल्यावरही हाडातला इडिमा फिल्मवर बराच काळ राहू शकतो. ती फिल्म बघून तुम्ही बऱ्या झालेल्या मुलाला घरी बसवाल. व्यायाम नीट करूनही सुधारणा नसेल, दुखण्याची जागा किंवा तऱ्हा बदलली, रात्रीचं दुखायला लागलं, तर पुन्हा विचार करू. आत्ताची सीडी मात्र जपून ठेवा, फक्त कागदी रिपोर्ट नाही. पुढे कधी लागली तर तुलना चित्रांची होते.

नेरूळकर_आई

आमचा एक्स-रे झाला. पुढच्या स्नायूच्या लगावाचा छोटा तुकडा निघालाय, फार सरकलेला नाही. कुबड्या आणि विश्रांती. खुब्याचा गोळा जागेवर आहे. एमआरआय लागला नाही. धन्यवाद डॉक्टर.

घोडबंदर_फिजिओ

कळवा_चढाई, परतीचा निकष फिल्म नको, हे घ्या: दाबून बघायच्या चाचणीत दोनपर्यंत गुण, दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी, दिशा बदलत पूर्ण वेगाने धावणं आणि मंडळात काही पूर्ण सराव, दुसऱ्या दिवशी सकाळी न दुखता.

मंडळातल्या बाकीच्या मुलांसाठीही एक सांगतो. नॉर्वेत पुरुष फुटबॉल संघांवर कोपनहेगनचा एक अभ्यास झाला, २०१९ मध्ये आला. हा एकच व्यायाम हंगामभर करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी राहिल्या. खर्च शून्य, जागा मॅटच्या कडेला.

कळवा_चढाई

हे सगळ्यांना लावतोच. किशोर गटाची मुलं पण करू शकतील का? त्यांची ताकद कमी पडते.

घोडबंदर_फिजिओ

करू शकतील. त्यांना साथीदाराने घोट्याऐवजी गुडघ्याखाली आधार द्यायचा, म्हणजे भार निम्म्यावर येतो. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळा, सराव संपल्यावर नको, सरावाच्या आधी. कुणाला करताना दुखलं तर थांबवून मला इथेच विचारा. शनिवारी संध्याकाळी कळव्यात येणं होतं माझं, मंडळाची वेळ कळवलीत तर एकदा येऊन दाखवून जाईन.

कळवा_चढाई

शनिवारी सहा ते आठ सराव असतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवतो. या नक्की.